एमआरआय नॉर्मल आहे, मग फिटचं मूळ सापडणार कसं?

मधलीताई:
धाकट्या भावाला ९ वर्षांपासून फिट्स येतात, आता तिसरी गोळी चालू आहे तरी महिन्यातून ३-४ वेळा होतंच. पडून झटके येतात असं नाही, बोलता बोलता गप्प होतो, नजर एकाच जागी खिळते, उजव्या हाताने शर्टाचं बटण चाचपत बसतो आणि डावा हात मनगटात वळून ताठ होतो, दीडेक मिनिटाने भानावर आला की विचारतो काय झालं. डॉक्टर म्हणतात ऑपरेशनचा विचार करू, पण आधी फिट मेंदूत कुठून सुरू होते ती जागा शोधायची म्हणून व्हिडिओ ईईजी, पेट स्कॅन आणि एमईजी सांगितलंय. एमआरआय दोनदा नॉर्मल आलाय. त्यात काही दिसलं नाही ते या मशीनमध्ये कसं दिसणार? आणि कवटीला भोक पाडून आत वायरी घालतात ते टळेल का? आईला त्या विचाराने झोप नाहीये.

ईईजीटेक:
ताई, एमआरआयमध्ये मेंदूची बांधणी दिसते, बाकीच्या तपासण्यांमध्ये त्याचं काम दिसतं. पेटमध्ये मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज वापरतोय ते कळतं, फिट नसताना ती बिघडलेली जागा बहुतेक वेळा कमी ग्लुकोज घेते आणि फोटोत फिकी पडते. ईईजीत डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतली वीज मोजतात, ती कवटीतून बाहेर येताना पसरट होते, म्हणून नेमकी जागा धूसर होते. एमईजीत विजेऐवजी तिचं चुंबकीय क्षेत्र मोजतात, ते कवटीतून फारसं न बिघडता बाहेर येतं, पण पृथ्वीच्या चुंबकत्वापुढे इतकं क्षीण असतं की त्यासाठी वेगळी बंदिस्त खोली लागते. त्रास काही नाही, हेल्मेटसारख्या मशीनमध्ये डोकं ठेवून शांत पडून राहायचं, अंगावर धातू नको. दोन फिट्सच्या मधे जे बारीक स्पाइक (विजेचे क्षणिक उसळे) येतात त्यांची जागा काढून ती एमआरआयवर बसवतात. आणि मग खूपदा असं होतं की एमईजीने किंवा पेटने बोट दाखवलेल्या ठिकाणी जुना एमआरआय परत बघितला की तिथे बारीकसा डिस्प्लेझिया (जन्मापासून चुकीची झालेली मेंदूची बांधणी) सापडतो, आधी नजरेतून सुटलेला. तुमचे एमआरआय एपिलेप्सी प्रोटोकॉलने (फिट्ससाठीच्या खास बारीक पद्धतीने) केलेत का ते नक्की विचारा, साध्या एमआरआयच्या जाड स्लाइसमध्ये हे निसटतं.

लेकीचाबाबा:
आमच्या लेकीचं स्पेक्टने कळलं, म्हणजे इंजेक्शन देऊन मेंदूत रक्त कुठे जास्त जातंय ते दाखवणारा स्कॅन. व्हिडिओ ईईजीला ॲडमिट होती, गोळ्या डॉक्टरांनीच कमी केल्या होत्या (घरी स्वतःहून कधीच करू नका), सिस्टर इंजेक्शन घेऊन पलंगाला खेटून बसलेल्या, तासन्‌तास, आणि तिची नजर खिळल्याबरोबर मी ओरडलो आणि त्यांनी त्याच सेकंदाला दिलं. फिट जिथून सुरू होते तिथे रक्त एकदम वाढतं आणि औषध तिथेच अडकून राहतं, त्यामुळे फोटो नंतर काढला तरी दिसतं ते इंजेक्शनच्या वेळचंच. उशीर झाला तर फिट पसरून भलतीच जागा उजळते, म्हणून तिथे सेकंदाला किंमत आहे.

ईईजीटेक:
वायरींबद्दल खोटा धीर देणार नाही. ईईजी, पेट, एमईजी, व्हिडिओ सगळं एकाच जागेकडे गेलं तर बऱ्याच पेशंटना आत वायरी लागत नाहीत. एक म्हणतंय टेम्पोरल (कानाजवळचा भाग) आणि दुसरं फ्रंटल (कपाळामागचा), किंवा जागा बोलण्याच्या भागाला चिकटून आहे, तर घालाव्या लागतात, पण तेव्हासुद्धा याच तपासण्यांमुळे कुठे घालायच्या ते आधी ठरतं, अंदाजाने डोकं पोखरत नाहीत. आणखी एक, तुम्ही लिहिलंय ना उजवा हात बटण चाचपतो आणि डावा वळतो, ती फार कामाची खूण आहे. ताठ होऊन वळणारा हात डावा असेल तर बोट उजव्या बाजूच्या मेंदूकडे जातं, बहुतेकदा टेम्पोरलकडे. नक्की तपासणीतच ठरेल, पण डॉक्टरांना हे याच शब्दांत सांगा.

मधलीताई:
हाताचं आम्ही आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं, वाटलं त्यात काय सांगायचं. आईला दोघांचे मेसेज वाचून दाखवले, तिने स्पेक्टवालं परत वाचायला लावलं. मंगळवारी ॲडमिट करतोय, फोनमधले ५ व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतलेत, एकात डावा हात चादरीखाली गेलाय पण तोही घेतलाय.