मदत हवी आहे: ऑफिसच्या टीमसाठी संग्रहालयात आणि जुन्या गावभागात स्कॅव्हेंजर हंट, पण पळापळ नको

कागदकाम

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या टीम बिल्डिंगची माळ यंदा माझ्या गळ्यात पडली आहे. माणसं चाळीसेक. वरून हुकूम असा की हॉलमध्ये फुगे फोडायला लावणारे खेळ बास झाले, "काहीतरी सांस्कृतिक" करा. म्हणून स्कॅव्हेंजर हंट ठरवलाय, म्हणजे क्लूंवरून गटागटाने वस्तू शोधायचा खेळ. सकाळी दोन तास एका कलासंग्रहालयात, मग दीडेक तास लगतच्या जुन्या गावभागात.

मागच्या खेपेला हेच काम बाहेरच्या एका संस्थेला दिलं होतं. एक क्लू सुटला की पुढचा, अशी साखळी होती. त्यामुळे सगळे गट एकाच कपाटापुढे गर्दी करून उभे. प्रत्येक गटात एकजण फोनवर उत्तर शोधतोय, एकजण पळतोय आणि बाकीचे मागून पिशव्या सांभाळत चालताहेत. सुरक्षारक्षकांनी दटावलं ते वेगळंच. बाहेर आल्यावर "आत काय पाहिलंत?" असं विचारलं असतं तर कोणालाही धड एका वस्तूचं नाव सांगता आलं नसतं.

तर प्रश्न असे. क्लू कसे लिहायचे? फोन काढून घ्यायचे का? गट केवढे करायचे? संग्रहालयाला आधी काय काय सांगायचं? आमचे एक सहकारी व्हीलचेअर वापरतात आणि दोघातिघांच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत, त्यांचं काय? "तयार पॅकेज घ्या" हा सल्ला कृपया नको, त्यातूनच पोळून आलेय.

फिरस्ता

वाचतोय. आमच्याकडेही ही टूम निघणार अशी चिन्हं आहेत.

दालनवाली

मी बरीच वर्षं एका संग्रहालयाच्या शिक्षण विभागात काम केलंय, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. आम्हाला खेळाचं वावडं नसतं. न सांगता घुसलेल्या खेळाचं असतं. चाळीस जण येणार म्हणजे गटाचं आगाऊ आरक्षण लागणारच. तेव्हाच शिक्षण विभागाला मेल करा आणि क्लूंचा कागद सोबत जोडा. त्यावरून ते सांगतील की अमुक दालन त्या दिवशी शाळांनी भरलेलं असेल किंवा तमुक मूर्तीच्या मागे जायला जागाच नाही.

पेन नको, पेन्सिल द्या. बऱ्याच ठिकाणी आत पेन चालत नाही. पाठीवरच्या सॅक सामानघरात ठेवायला लावा, वळताना त्याच मूर्तींना लागतात. फ्लॅश, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक बंद. साप्ताहिक सुट्टीचा वारही बघा. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं, इतर बरीच संग्रहालयं सोमवारी.

आणि कागदावरची चित्रं किंवा जुनी वस्त्रं यांवर क्लू बेतू नका. प्रकाशाने ती खराब होतात, म्हणून ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच्या मंद उजेडात ठेवतात आणि काही महिन्यांनी उतरवून आत नेतात. दगड, धातू, मोठी तैलचित्रं त्या मानाने जागची हलत नाहीत.

कोडेबाज

साखळी पद्धत हेच मागच्या वेळच्या गोंधळाचं मूळ आहे. ती मोडा. सगळे प्रश्न एकदम हातात द्या, कुठलाही कुठूनही सोडवायची मुभा ठेवा. ओरिएंटियरिंगमध्ये, म्हणजे नकाशा घेऊन ठिकाणं शोधायच्या शर्यतीत, "स्कोअर" नावाचा प्रकार असतो, तो इथे चपखल बसतो. ठरलेला वेळ, प्रत्येक ठिकाणाचे कठीणपणानुसार गुण, आणि उशिरा परतलात तर प्रत्येक मिनिटाला गुण कापले जाणार. सगळे प्रश्न सुटणारच नाहीत इतके ठेवायचे. मग गटाला पहिल्या पाच मिनिटांत बसून ठरवावं लागतं की काय घ्यायचं आणि काय सोडायचं. टीम बिल्डिंग म्हणतात ते काय ते त्या पाच मिनिटांत होतं. लवकर संपवण्याला एकही गुण ठेवू नका, पळण्यात काही फायदाच उरणार नाही.

गट चौघांचे, फार तर पाच जणांचे. सहावा माणूस हटकून प्रेक्षक होतो.

आता क्लू. "हे चित्र कोणी काढलं?" हा प्रश्न बाद. शेजारच्या पाटीवर उत्तर असतं आणि फोनवर तर असतंच. जागेवर उभं राहून, डोळे चालवूनच सुटेल असं विचारा. उदाहरणं मुद्दाम सगळ्यांना ठाऊक असलेल्या वस्तूंची देतो.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला रोझेटा शिलालेख, इजिप्तमधला प्राचीन कोरीव दगड. तीन लिप्या सगळे सांगतात. पण दगडाच्या कडेला रंगाने लिहिलेलं इंग्रजी वाक्यही आहे, ब्रिटिश सैन्याने १८०१ मध्ये इजिप्तमध्ये तो ताब्यात घेतला म्हणून. "या दगडावरची चौथी लिपी कोणती आणि तीत काय लिहिलंय?" असं विचारलंत की गट दगडाला फेरी मारतो. आणि तिथून वाद सुरू होतो की असं लिहिणं म्हणजे अभिमान की कबुली. तो वाद होऊ द्या.

लंडनच्याच नॅशनल गॅलरीत चित्रकार होल्बाइनचं १५३३ चं 'द ॲम्बॅसडर्स' आहे, त्यात दोन पुरुष उभे आहेत. खाली जमिनीवर एक तिरपा, विचित्र डाग दिसतो. चित्राच्या उजव्या कडेला भिंतीलगत जाऊन पाहिलं की त्याची कवटी होते. इथे क्लू एवढाच, "तिसरा पाहुणा शोधा." एकाने समोर उभं राहायचं, दुसऱ्याने बाजूला सरकायचं, आणि एकमेकांना काय दिसतंय ते सांगायचं.

लूव्रमध्ये मोनालिसाच्या दालनात गर्दीकडे पाठ करा. समोरच्या भिंतीवर चित्रकार व्हेरोनेसेचं १५६३ चं, बायबलमधल्या काना गावच्या लग्नाचं प्रचंड चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद. त्यातले वादक शोधा, कुत्री शोधा, मांजर शोधा. मोनालिसापुढे खोळंबलेल्या गर्दीतल्या कितीजणांनी ते बघितलेलं असतं, देव जाणे.

तुमच्या संग्रहालयातही अशा जागा असतात. एक निवांत चक्कर मारा आणि वस्तूची मागची बाजू, कडा, तळ, आरशातलं प्रतिबिंब, दुरुस्तीचा सांधा एवढंच बघत हिंडा. क्लू आपोआप सुचतात.

नकारघंटा

विरोधी सूर लावतो, माफी असावी. संग्रहालय म्हणजे काही मैदान नाही. माणसाला एका चित्रापुढे वीस मिनिटं उभं राहू द्यावं की. गुण, गट, घड्याळ आलं की बघणं संपलं आणि हुडकणं सुरू झालं. टीमला नुसतं सोडून द्या, ज्याला जे आवडेल ते बघेल.

दालनवाली

@नकारघंटा, तत्त्व मान्य, पण चाळीस माणसं नुसती सोडली तर काय होतं ते मी पाहिलंय. पहिल्या दोन दालनांत सगळं वाचतात, तिसऱ्यापासून चालण्याचा वेग वाढतो आणि शेवटी सगळी बाकांवर. याला 'म्युझियम फटीग', म्हणजे संग्रहालयातला थकवा, म्हणतात. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन आइव्हज गिलमन यांचा याच नावाचा लेख १९१६ चा आहे. गंमत बघा, त्यांनी अभ्यास कसा केला? काही वस्तूंबद्दल साधे प्रश्न तयार केले, एका माणसाला ते सोडवायला लावले आणि उत्तर शोधताना तो कसा वाकतो, मान वळवतो, उकिडवा बसतो याचे फोटो काढले. म्हणजे आपलाच खेळ, शंभर वर्षांपूर्वीचा! निष्कर्ष असा की मांडणी गैरसोयीची असली की अंग थकतं आणि मग बघणंही वरवरचं होतं.

कागदकाम, तुमच्या गुडघ्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. क्लू लिहिताना तो उभ्या माणसाला आणि बसलेल्या माणसाला, दोघांना दिसतो का ते खुर्चीवर बसल्याच्या उंचीवरून तपासा. उंच कपाटाच्या वरच्या फळीवरची वस्तू व्हीलचेअरवरून दिसत नाही, काचेवर फक्त दिव्याची चकाकी दिसते. लिफ्ट कुठून कुठे जाते ते आधी विचारून घ्या आणि सगळ्याच गटांचे प्रश्न लिफ्टने जाता येईल अशाच दालनांत ठेवा. त्या सहकाऱ्यांपुरता वेगळा, "सोपा" कागद मात्र काढू नका. तो प्रकार फार अपमानाचा असतो.

आणि वीस मिनिटांचा मुद्दा चांगला आहे. एक प्रश्न तसाच ठेवा. गटाने कुठलीही एक वस्तू निवडायची, तिच्यापुढे दहा मिनिटं थांबायचं आणि पाटीवर नसलेल्या तीन गोष्टी लिहून आणायच्या. गुण सगळ्यात जास्त याच प्रश्नाला.

नकारघंटा

हे चालेल. घंटा तात्पुरती खाली ठेवतो.

फिरस्ता

फोनचं काय ठरलं मग? माझं मत, काढून घेऊ नका. शाळेची सहल वाटते, आणि लोकांना घरून फोन येत असतात.

कोडेबाज

काढून घेऊ नका, निरुपयोगी करा. क्लू नीट लिहिला असेल तर फोनवर उत्तर मिळतच नाही. फोटो काढायला गटामागे एक फोन पुरे.

फोटो हाच पुरावा धरा. अवांतर: एल्सा मॅक्सवेल या बाईंनी १९२०-३० च्या दशकांत बड्या लोकांच्या मेजवान्यांत हे खेळ गाजवले, तेव्हा वस्तू खरोखर उचलून आणायच्या असत. संग्रहालयात तसं केलंत तर बातमीत याल.

गल्लीबोळ

गावभागाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी. आत आणि बाहेर एकच पद्धत चालत नाही. संग्रहालयात वस्तू निवडून, दिवे लावून ठेवलेल्या असतात. रस्त्यावर लोक राहतात. कोणाच्या दाराची कडी, कोणाचं अंगण, प्रार्थना चालू असलेली जागा यावर क्लू नको. "अनोळखी माणसासोबत नाचतानाचा फोटो आणा" असले प्रकार तर अजिबात नको. लाजाळू सहकाऱ्याचा दिवस त्यानेच खराब होतो, आणि त्या अनोळखी माणसाचाही.

काय घ्यावं? जे त्या गावाने स्वतःच रस्त्यावर मांडून ठेवलंय ते. इटलीतलं सिएना घ्या. शहराचे १७ कोंत्रादे, म्हणजे मोहल्ले, प्रत्येकाचं चिन्ह वेगळं. गोगलगाय, कासव, हंस, सुरवंट. त्यांच्या हद्दी १७२९ पासून ठरलेल्या आहेत आणि चिन्हं भिंतींवर लावलेली. "गोगलगायीच्या राज्यातून कासवाच्या राज्यात कुठे शिरलात?" एवढ्या प्रश्नावर गट अख्खी गल्ली मान वर करून चालतो.

किंवा स्पेनमधलं सालामांका. तिथल्या नव्या कॅथेड्रलच्या दारावरच्या नक्षीत चक्क एक अंतराळवीर कोरलेला आहे. इमारत जुनी, अंतराळवीर १९९२ च्या दुरुस्तीच्या वेळचा. "या दारावर काळाची चूक शोधा" असा क्लू दिला की शोधणारे आधी हसतात, मग भांडतात की दुरुस्ती करणाऱ्याने आपली खूण सोडावी की नाही.

एक धोका मात्र सांगतो. पत्त्यावर आधारलेले क्लू जुन्या गावात दगा देतात. व्हेनिसमध्ये घरांचे क्रमांक रस्त्यानुसार नाहीत, सहा विभागांपैकी ज्या विभागात घर आहे त्यानुसार आहेत. क्रमांक हजारांत जातात आणि शेजारच्या गल्लीत भलतीकडेच उडी मारतात. शिवाय अरुंद बोळांत फोनवरचा निळा ठिपका भिंतींमुळे इकडेतिकडे नाचतो. म्हणून कागदी नकाशा द्या आणि त्यावर हद्द जाड रेघेने आखा. परतायची जागा उघडी, बसायला जागा असलेली निवडा. रहदारीचा रस्ता ओलांडावा लागत असेल तर तो भाग सरळ वगळा.

कागदकाम

किती लिहिलंत सगळ्यांनी! साखळी रद्द, स्कोअर पद्धत नक्की. चौघांचे दहा गट, कागद सगळ्यांना एकच. काल चक्कर मारून तीन क्लू लिहिलेत, झोडपा.

१. "राजाच्या पायाशी बसलेला प्राणी कोणता?"
२. "या दालनातली सर्वांत जुनी वस्तू शोधा."
३. "तीन तुकडे जोडून एक झालेलं भांडं शोधा. कुठला तुकडा नंतरचा आहे ते कशावरून ओळखलंत?"

कोडेबाज

तिसरा सुरेख. त्याला जास्त गुण द्या आणि "कशावरून" ला वेगळे गुण ठेवा.

दुसरा काढून टाका. त्यात लोक वस्तू बघत नाहीत, पाट्यांवरचे आकडे बघत फिरतात.

पहिला अर्धवट आहे. एक नजर टाकली की सुटला, गटाची गरज काय? असं करा: गटातल्या एकाने चित्राकडे पाठ करायची, बाकीच्यांनी नावं न घेता वर्णन करायचं, आणि त्याने कागदावर रेखाटन करायचं. राजा, प्राणी, हात कुठे, नजर कुठे. रेखाटन कितीही भयाण असलं तरी गुण, फक्त माणसांच्या जागा बरोबर हव्यात.

नकारघंटा

आणि पाठ करणारा माणूस साहेब असू द्या.

कागदकाम

साहेबांना कळवते 😀 गट करताना एक शंका. एकाच विभागातली माणसं एकत्र ठेवू की मिसळू?

दालनवाली

मिसळा, पण चौघांत निदान दोघं तरी एकमेकांना ओळखणारी हवीत, नाहीतर पहिला अर्धा तास औपचारिकतेत जातो. वरिष्ठांना गटप्रमुख करू नका. त्यांच्या हातात पेन्सिल द्या, लिहिण्याचं काम त्यांचं. लिहिणाऱ्याला दुसऱ्यांचं ऐकावंच लागतं.

दोन भागांच्या मध्ये बसून विसावा घ्यायला वेळ ठेवा, तोही खेळाच्या घड्याळाबाहेर. उत्तरं जाहीर करताना नुसते गुण वाचून दाखवू नका, त्या दहा मिनिटांच्या प्रश्नावर प्रत्येक गटाला बोलू द्या.

शेवटचं: आदल्या दिवशी कोणीतरी एकाने क्लूंचा कागद घेऊन पूर्ण फेरी मारायची. वस्तू दुसऱ्या प्रदर्शनाला उसनी जाते, डागडुजीला जाते, आणि तिच्या जागी "तात्पुरती हलवली आहे" अशी चिठ्ठी असते. म्हणून दोनतीन क्लू राखीव लिहून ठेवा आणि छापील कागद आदल्या संध्याकाळपर्यंत काढू नका.

कागदकाम

राखीव क्लू आजच लिहायला घेते. संग्रहालयाला मेल गेलीय, उत्तर आलं की इथे टाकेन.