दरड उभी असते का?

घाटवेडा
लोकहो, एका शब्दावरून घरात दोन दिवस झाले वाद चाललाय, तुम्हीच काय ते सांगा. मी घरी ट्रेनचं मॉडेल करतोय, सहा बाय तीनच्या प्लायवर बोरघाटाचा तुकडा, ठाकूरवाडी ते मंकी हिल असं समजा, एचओ स्केल म्हणजे 1:87. रूळ कधीच टाकून झाले, इंजिन पळतंय, आता वर्षभर नुसती सीनरी चाललीय. घाटाचा चढ 1:37, म्हणजे माझ्या सहा फुटांत जेमतेम 5 सेंटीमीटर, तो कुणाला दिसतही नाही, त्यामुळे सगळा घाटपणा डोंगरातच दाखवावा लागतो. अॅल्युमिनियमची फॉइल चुरगाळून उलगडायची, त्यात प्लास्टर ओतायचं, सुकलं की फॉइल सोलायची, हुबेहूब कातळ येतो. मग काळा रंग पाण्यासारखा पातळ करून सोडायचा, तो भेगांत जाऊन बसतो आणि वरून कोरड्या ब्रशने करडा.

तर दिवाळीत हे सोसायटीत किल्ल्यांच्या शेजारी मांडायचं ठरलंय म्हणून छोट्या मराठी पाट्या केल्या. बोगदा, मोरी (रुळाखालून पाणी जायची), वगैरे. रुळाच्या कडेला डोंगर तासून जी उभी भिंत होते तिथे लिहिलं "दरड". सासरे कर्जतला रेल्वेत होते, रिटायर्ड. चष्मा कपाळावर सरकवून पाटी वाचली आणि म्हणाले, "जावईबापू, दरड कुठंय?" म्हटलं ही काय. "ही पडलीय का? नाही ना? मग ही दरड नाही. उभी आहे तोवर डोंगर, पडली की दरड."

आता माझं म्हणणं, "दरड कोसळली" असं आपण म्हणतो तर कोसळायच्या आधी ती उभी असणारच ना? भिंत कोसळली म्हणजे आधी भिंत होती. बरोबर कोण?

कृष्णाकाठ
तुम्ही बरोबर. आमच्याकडे नदीच्या काठाला पाण्याने कापून जो मातीचा उभा कडा होतो त्याला दरडच म्हणतात, पडो न पडो. आजी ओरडायची, "दरडीला जाऊ नगंस". दरडीच्या भोकांत पोपट असायचे. पडलेल्या मातीत पोपट राहतील का?

चिंचगुळ
मला सासरे पटतायत. "खड्डा पडला" म्हणतो तेव्हा खड्डा आधी उभा असतो का? "भेग पडली", "पूर आला", "विहीर खणली". विहीर खणायच्या आधी विहीर नसते, जमीन असते. तसंच दरड पडली.

घाटवेडा
@चिंचगुळ हे त्यांना सांगू नका प्लीज, आधीच फॉर्मात आहेत.

शुद्धलेखक
पडणे आणि कोसळणे यांत फरक आहे. खड्डा पडतो, पण खड्डा कोसळत नाही. कोसळायला वस्तू आधी लागते. मूळ धातू पाहा, संस्कृत "दॄ" म्हणजे फाडणे, त्यावरून विदारण, दरी, आणि माझ्या मते दरडही. डोंगर फाटून झालेली उभी बाजू ती दरड. आणि जरा विषयांतर करतो, पण शब्दचर्चेत "सीनरी" वाचून वाईट वाटलं. देखावा, परिदृश्य असे शब्द असताना?

तळकोकणी
दरी फारसी आहे हो, खैबरचा दर्रा ऐकला नाही का.

शुद्धलेखक
फारसीत मिळताजुळता शब्द आहे म्हणून आपला तिथून आला असं होत नाही. दरी संस्कृतात आहे.

तळकोकणी
तुमचं सगळंच संस्कृतात असतं. बोगदा कुठून आला ते सांगा बरं. मी सांगतो, तुर्कीत "बोआझ" म्हणजे घसा, लिहिताना मध्ये ग असतो. घसा, सामुद्रधुनी, बोगदा!

कृष्णाकाठ
आणि बोगदा खणायला तुर्क आले होते कर्जतला 😂

वऱ्हाडी_ठेचा
सीनरीवरून आठवलं. आमच्या घरी सीनरी म्हणजे हॉलमध्ये लावलेली फ्रेम, त्यात धबधबा आणि हरीण. नाहीतर शाळेतल्या चित्रकलेच्या वहीतली, दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड. नारळ मी कॉलेजात जाईपर्यंत प्रत्यक्षात पाह्यला नव्हता पण काढत होतो. त्यामुळे तुम्ही घरी "सीनरी करताय" म्हटल्यावर मला वाटलं पेंटिंग करता. बरं रुळाखाली गिट्टी कशाची टाकली?

घाटवेडा
खडी ना, तीच तर खरी मेहनत. रेल्वेची खडी धरा 50 ते 65 मिलिमीटरची, भागिले 87, म्हणजे अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची झाली, जाड रव्याएवढी. रवा टाकायचा मोह झाला होता पण मुंग्या. शेवटी बांधकामाची वाळू धुऊन, वाळवून घरातल्या दोन चाळण्यांतून चाळली, वरचीतून खाली पडेल आणि खालचीत अडकेल तेवढीच घेतली. ती रुळांच्या मधे चमच्याने पसरून ब्रशने सारखी करायची आणि मग फेविकॉलमध्ये अर्धं पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, औषधाच्या ड्रॉपरने थेंब थेंब. साबण विसरलात तर पाणी वाळूवर मोत्यासारखं बसतं, आत शिरत नाही आणि सगळी खडी उचलून गोळा होते. पहिला दीड फूट मी असाच घालवला. आणि ती चाळणी बायकोने अजून परत घेतलेली नाही.

शुद्धलेखक
गिट्टी हा हिंदी शब्द आहे, मराठीत खडी.

वऱ्हाडी_ठेचा
हे बघा. नागपूर अमरावती यवतमाळ सगळीकडे गिट्टीच म्हणतात, आमचे आजोबा पणजोबा गिट्टीच म्हणत आले, ते काय मराठी नव्हते? पुण्यात म्हणतात ते मराठी आणि आम्ही म्हणतो ते हिंदी, हा कुठला न्याय? आणि तुमचं "परिदृश्य" कुठून आलं ते पण सांगा, ते तर सरळ हिंदी बातम्यांतलं आहे.

चिंचगुळ
ठेचा लागला 🌶️ पण देखावा चांगला शब्द आहे की. गणपतीत हलते देखावे असतातच, हा रेल्वेचा हलता देखावा.

घाटवेडा
देखाव्याचा लोचा असा की सासूबाईंनी विचारलं "हा सगळा देखावा कशासाठी" आणि मला कळेना त्या मॉडेलबद्दल बोलतायत की माझ्याबद्दल.

ऱ्हाईनकाठ
जर्मनीतून. इथे हा छंद म्हणजे केवढं मोठं प्रकरण आहे, हँबुर्गला मिनियाटूर वुंडरलांड म्हणून आहे, 2001 पासून, तेही एचओच, तिथे आमचा पूर्ण दिवस गेला आणि मुलगा बाहेर यायला तयार नाही. तर इथे दुकानात या कामाला "लांडशाफ्ट्सबाऊ" म्हणतात, बाऊ म्हणजे बांधकाम. देखावा शब्दात बघणाऱ्याचं काम आहे, करणाऱ्याचं नाही. आपल्याकडे बांधणाऱ्याच्या बाजूचा शब्द हवा.

शुद्धलेखक
वा! भूबांधणी.

वऱ्हाडी_ठेचा
मुलीचं नाव वाटतंय.

तळकोकणी
बांधणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे ना, "किल्ला करणे". लहानपणी आम्ही "किल्ल्याची सीनरी" म्हणत नव्हतो. किल्ला करायचा म्हणजे विटा, दगड, चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून गेरू, हळीव टाकून गवत, सगळं त्यात आलं. तसं "घाट करतोय" म्हणा. घाट घालणे आहेच मराठीत 😉

घाटवेडा
"घाट करतोय" आवडलं राव. बाकी हळीव इथे चालत नाही. चार दिवसांत चार सेंटीमीटर वाढतं, गुणिले 87, साडेतीन मीटरचं गवत, त्यात हत्ती लपेल. मी भुसा हिरवा रंगवून चिकटवलाय. झाडांना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. श्रावणातला घाट दाखवायचा आहे, एप्रिलमधला असता तर रंगही लागला नसता, भुसा तसाच चालला असता.

कृष्णाकाठ
हळीव नाही, अळीव.

चिंचगुळ
आमच्यात हाळीव. हाळीवाचे लाडू.

तळकोकणी
हळीव. पुडीवर हळीव लिहिलेलं असतं.

कृष्णाकाठ
पुडीवर "रवा ईडली" पण लिहिलेलं असतं.

रूळबिंदू
एक तांत्रिक खुसपट काढू का, राग मानू नका. एचओच्या दोन रुळांतलं अंतर 16.5 मिलिमीटर असतं, ते परदेशी स्टँडर्ड गेजचं. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, भागिले 87 केलं तर 19 च्या वर जातो. म्हणजे तुमचा बोरघाट थोडा अरुंद आहे. आणि जुना काळ दाखवत असाल तर खेकडा इंजिन, म्हणजे ते घाटातलं जुनं विजेचं, हवंच. थांबल्यावर कण्हायचं तसं कण्हणारं इंजिन पुन्हा झालं नाही. खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडी उलट दिशेने फिरून पुढचा चढ चढायची, ते पण दाखवणार का? 1929 ला बंद झालं ते.

घाटवेडा
अरुंद आहे मान्य, 19 चे रूळ हाताने करायची ताकद नाही आता. रिव्हर्सिंगला जागा नाही. खेकडा मिळत नाही कुठे, कार्डशीटचा करतोय, सासऱ्यांकडून आवाज काढून घेतलाय फोनवर रेकॉर्ड करून, त्यांनी स्वतः तोंडाने काढलाय. पण मंडळी, दरड?

काल त्यांना मी कोंडीत पकडायला गेलो. म्हटलं, पावसाळ्याआधी तुमची हिल गँग दोरावर लटकून घाटातले सुटे दगड आधीच पाडते, मग ते काय पाडतात? पडायच्या आधी दरड नसेल तर पाडतात काय? मला वाटलं अडकले. तर म्हणाले, "ते बोल्डर पाडतात. बोल्डर आपण पाडायचा, दरड आपोआप पडते. बोल्डर पाडला तर ड्युटी झाली, दरड पडली तर सगळ्या घराघरांत फोन." आणि चहा प्यायला उठून गेले.

चिंचगुळ
सासऱ्यांना इथे आयडी काढून द्या.

कृष्णाकाठ
हे रेल्वेचं झालं. रेल्वेवाल्यांना रुळावर आल्याशिवाय दिसत नाही म्हणून त्यांना पडलेलीच माहीत. आमच्या नदीवर रूळ नव्हते. पोपटांचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

शुद्धलेखक
शब्दाचा अर्थ एखाद्या खात्याच्या सोयीने ठरत नाही. पाटी "दरड" अशीच ठेवा. फार तर "कडा".

तळकोकणी
कडा वरचा असतो, माथ्याचा. रुळाशेजारच्या तासलेल्या भिंतीला कडा म्हटलं तर माणूस वर बघेल.

ऱ्हाईनकाठ
काहीच लिहू नका ना तिथे? जे दिसतंय त्याला पाटी कशाला?

घाटवेडा
पाटीची जागा रिकामी राहिली तर प्लास्टरचा जोड दिसतो हो, तोच झाकायला तर पाटी लावली होती. तिथला एक तुकडा आधीच सुटून रुळावर आलेला, परत चिकटवलाय, त्यावरून घरात काय काय बोलणं झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. तूर्त "डोंगर" लिहिलंय पेन्सिलने. आणि मोरीची पाटी काढावी लागली, शेजारची मुलगी तीनदा विचारून गेली की डोंगरात बाथरूम कशाला.

वऱ्हाडी_ठेचा
मोरी म्हणजे बाथरूम हे तिकडचं. आमच्याकडे न्हाणी.

चिंचगुळ
न्हाणी वेगळी, मोरी वेगळी. मोरी स्वयंपाकघरातली, भांडी घासायची.

रूळबिंदू
वाळूच्या त्या चाळण्या किती नंबरच्या होत्या सांगाल का?