ताजचं भूत गोऱ्या साहेबाचंच का?

गिरगावकर: काल इथे कोणीतरी पुन्हा तीच लोणकढी थाप मारली. मुंबईचं ताज हॉटेल म्हणे उलटं बांधलं गेलं, तोंड समुद्राऐवजी शहराकडे झालं, ते बघून आर्किटेक्ट चेंबर्सने वरून उडी मारली आणि आता तो जुन्या विंगेत फिरतो. अरे, पाया खणला तेव्हा साहेब झोपला होता का? हॉटेल उघडलं 1903 च्या डिसेंबरात. समुद्राकडचं गेटवे ऑफ इंडिया पुरं झालं 1924 ला! गाड्या शहराच्या बाजूने यायच्या, म्हणून दार तिकडे. आज तिथे पोहायचा तलाव आहे. आणि मूळ नकाशे सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे. वैद्य मध्येच वारले, चेंबर्सने काम पुरं केलं. एवढंच.

रात्रपाळी: थाप माझीच. तारखा ठेवा तुमच्याकडे. माझा सख्खा मामा फोर्टातल्या एका जुन्या हॉटेलात (नाव घेत नाही) रात्रपाळीला होता. बंद मजल्यावरून लिफ्टची बेल यायची. वर जावं तर चिटपाखरू नाही.

गिरगावकर: लिफ्ट जुनी होती. वायरिंगही.

दादरची मावशी: लिफ्ट राहू दे. गेटवेवर गाईडने माझ्या नातवाला चेंबर्सची उडी साभिनय करून दाखवली. वैद्यांचं नाव काढलं तर म्हणतो, "कोण वैद्य?" इच्छा अपुरी राहिली की माणूस समंध होतो ना? मग काम अर्धवट टाकून गेले वैद्य, आणि भूत मात्र साहेबाचं!

चाकरमानी: झालं सुरू! आता भुतांतही भूमिपुत्र?

दादरची मावशी: हो, भुतांतही! शाळेच्या पुस्तकात तुम्ही वाचलंत का त्यांचं नाव? मी नाही वाचलं. जिवंतपणी नाही, निदान मेल्यावर तरी...

चाकरमानी: आणि मिर्झा? त्यांना तर तुम्ही हिशेबातच धरलं नाहीत.

दादरची मावशी: ...बरं. ते चुकलंच. पण टोमणा नको होता.

गिरगावकर: भूतच हवं असेल तर पहिल्या महायुद्धात तिथे 600 खाटांचं इस्पितळ होतं. त्या जखमी शिपायांचं कोणाला काही नाही. उडी मारणारा साहेब कसा, खोलीच्या भाड्याला शोभतो.

रात्रपाळी: ठीक आहे मास्तर, चेंबर्सची उडी मागे घेतली. मामाची लिफ्ट मात्र मागे घेणार नाही.