वॉटर लिलीच्या कळ्या पाण्याखालीच कुजताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गच्चीत दीड फूट खोल टबात हार्डी (म्हणजे थंडी सोसणारी) वॉटर लिली लावली आहे, आडव्या कंदाची. तळाशी पसरट कुंडी, तिच्यात चिकट माती, वर बारीक खडीचा थर. ऊन रोज ६ तास तरी मिळतं. डासांसाठी गप्पी मासे सोडलेत, ते मजेत आहेत.

पानं भरपूर येतात. इतकी, की एकमेकांवर चढून पाण्याच्या वर उभी राहतात. पण कळी वाटाण्याएवढी झाली की तिचा देठ वाढायचा थांबतो आणि ती पाण्याखालीच काळी पडते. दाबून पाहिली तर आतून लिबलिबीत. मावा किंवा अळी कुठेच दिसली नाही.

कंद कुंडीत दाटल्यामुळे असं होतं का? तो काढून, जुनी मुळं छाटून नव्या मातीत लावावा असं वाटतं, पण कळ्या धरत असताना हात लावावा का? आणि खताची गोळी मातीत खोल खुपसायची हे ठाऊक आहे, पण मासे असताना किती द्यावी? खत पाण्यात उतरलं तर शेवाळं माजेल, ही भीती आहेच.

कुणी असं झाड सावरलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. एक तरी फूल उमललेलं बघायची फार ओढ लागली आहे.