ठरावीक चौकटीत देवनागरी नाव बसवताना फॉन्टचा आकार कसा काढावा?

लोकलप्रवासी, दादर
एका शालेय प्रदर्शनासाठी मुंबईतील उपनगरी स्थानकांच्या नावांच्या पाट्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील पिलो ही चित्रे तयार करणारी लायब्ररी वापरून तयार करीत आहे. प्रत्येक पाटी ८०० बाय १६० पिक्सेलची असून तीत नाव शक्य तेवढे मोठे दिसावे, अशी अपेक्षा आहे. सध्या फॉन्टचा आकार २०० पासून एकेकाने उतरवीत नाव मावते का ते पाहतो. यात वेळ जातोच, शिवाय उंची मापात असूनही ‘कुर्ला’चा उकार खाली कापला जातो. ‘शीव’पासून ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’पर्यंत सर्वांना चालेल असा हिशेब कोणता?

गिरगावकर
एका ओळीच्या मजकुराला लूपची गरजच नाही. रुंदी आणि उंची फॉन्टच्या आकाराच्या जवळजवळ सम प्रमाणात वाढत असल्याने १०० आकारात एकदा मोजावे. समजा, रुंदी ५०० आणि उंची १२५ भरली, तर रुंदीच्या हिशेबाने १६० आणि उंचीच्या हिशेबाने १२८ आकार चालतो. त्यांतील लहान घ्यावा. हिंटिंगमुळे, म्हणजे अक्षरांच्या कडा पिक्सेलच्या जाळीशी जुळवल्याने, पिक्सेलभराचा फरक पडू शकतो, म्हणून शेवटी एकदा पडताळून पाहावे.

उकार कापला जाण्याचे कारण बहुधा असे आहे, की मजकुराची चौकट मोजणाऱ्या पिलोच्या टेक्स्टबीबॉक्सने दिलेल्या चार कडांच्या आकड्यांपैकी वरच्या कडेचा आकडा सहसा शून्य नसतो. खालच्यातून वरचा वजा करून तुम्ही उंची बरोबर काढत असाल. पण नाव रेखाटतानाही तेवढेच अंतर वजा केले नाही, तर सगळा मजकूर तितकाच खाली सरकतो.

शिरोरेखा
त्याआधी पिलोला राक्म (देवनागरीसारख्या लिपींतील अक्षरांची जुळणी करणारी लायब्ररी) उपलब्ध आहे का, हे तपासावे. ते नसल्यास ‘शिवाजी’तील ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते, जोडाक्षरे सुटी होतात आणि अर्थातच मोजलेली रुंदीही चुकते.

दुसरे असे, की प्रत्येक नाव स्वतंत्रपणे मोठ्यात मोठे करण्याचा आग्रह मला पटत नाही. ‘कुर्ला’ला वर रफार आणि खाली उकार आहे, ‘दादर’ला दोन्ही नाहीत, प्रत्येकाची चौकट मोजून ते मध्यभागी बसवले, तर शेजारच्या पाट्यांवर शिरोरेखा वरखाली होते आणि ते लगेच खुपते. सर्व नावांसाठी एकच आकार आणि एकच आधाररेषा (अक्षरे जिच्यावर टेकतात ती रेषा) ठेवावी. नाव रेखाटताना अँकर, म्हणजे मजकूर कोणत्या बिंदूला टेकवायचा ते, ‘एमएस’ (ms) दिला की आडवे मध्य आणि आधाररेषा दोन्ही साधतात.

लोकलप्रवासी, दादर
एकच आकार ठेवायचा, तर टर्मिनसच्या लांबलचक नावापायी बाकीची सगळीच नावे बारीक होतील.

गिरगावकर
तेवढे नाव दोन ओळींत घ्या आणि त्याचा आकार वेगळा ठेवा. ‘छत्रपती शिवाजी’ वर आणि ‘महाराज टर्मिनस’ खाली, अशी तोड हातानेच ठरवलेली बरी. पुढे आपोआप ओळी तोडाव्या लागल्या, तर मात्र सरळ गुणोत्तर चालत नाही, कारण आकार बदलताच तोडीची जागाही बदलते. तेथे ८ ते १६० या टप्प्यात दरवेळी मधला आकार तपासून उरलेला टप्पा निम्मा करत गेल्यास जास्तीत जास्त ८ तपासण्यांत उत्तर मिळते. तोड शब्दांमधील मोकळ्या जागेवरच करावी आणि सर्वांत लांब शब्द रुंदीत मावतो का, हेही प्रत्येक तपासणीत पाहावे.