मेसाच्या नोंदीत काही नाही, मग एच.264 गेलं कुठे?

मिरजेचा_लिनक्सवाला

मित्राच्या डीटीपीच्या दुकानातली चार मशीन मी सांभाळतो. पगार म्हणजे चहा. अपडेटवर नजर ठेवायला फीड रीडर वापरतो, म्हणजे साइटवरच्या नव्या नोंदी (फीड) आपोआप गोळा करणारा प्रोग्रॅम. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या प्रोजेक्टच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन 'रिलीजेस डॉट ॲटम' जोडलं की झालं. खातं नको, मेल नको, सकाळी नवी आवृत्ती हजर.

एका मशीनवर फेडोरा हे लिनक्स टाकावं म्हणून जुन्या बातम्या चाळत होतो. सप्टेंबर 2022 मध्ये त्यांनी मेसातून, म्हणजे ग्राफिक कार्ड चालवणाऱ्या लायब्ररीतून, एच.264 आणि एच.265 या व्हिडिओ प्रकारांचं हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ कार्डाकडून उलगडून घेणं) बंद केलं, कारण पेटंट. पण मेसाच्या स्वतःच्या नोंदींत 'काढलं' असं मला कुठं सापडेना. मग अशी बातमी येते कुठल्या फीडमध्ये? आणि अमेरिकेतल्या पेटंटचा मिरजेतल्या ग्राफिक कार्डाशी काय संबंध?

जुना_टार

सापडणार नाही, कारण कोड कुणी काढलेलाच नाही. मेसाच्या बांधणीच्या वेळी कोणते व्हिडिओ कोडेक (व्हिडिओ बांधायचे-उलगडायचे प्रकार) घ्यायचे ते निवडायचा पर्याय आला. निवड पॅकेज बांधणाऱ्याची. तू मूळ प्रोजेक्टचं फीड वाचतोयस, निर्णय झाला वितरणाच्या, म्हणजे फेडोराच्या, पॅकेजात. फेडोराच्या अपडेट यंत्रणेला, म्हणजे बोधीला, स्वतःचं आरएसएस, म्हणजे फीड, आहे. ते जोड.

हा खेळ जुना आहे. 2006 च्या सुमारास पुण्यात मी फ्रीटाइप, म्हणजे पडद्यावर फाँट काढणारी लायब्ररी, स्वतः कंपाइल करत बसायचो, तेही फक्त एका ओळीसाठी. ट्रूटाइप फाँटमधल्या हिंटिंगच्या (अक्षर पडद्याच्या ठिपक्यांवर नीट बसवायच्या) सूचना चालवणारा बाइटकोड इंटरप्रिटर कोडात पूर्ण लिहिलेला होता, पण ॲपलच्या पेटंटांमुळे मुळात बंद ठेवलेला. एफटीऑप्शन डॉट एच ही सेटिंगची फाइल उघडायची, त्या ओळीभोवतीची कॉमेंटची खूण पुसायची, मेक, मेक इन्स्टॉल. त्यांचा ऑटोहिंटर, म्हणजे सूचनांशिवाय अंदाजाने अक्षर बसवणारा भाग, तेव्हा मुख्यतः लॅटिन अक्षरांच्या हिशेबाने बेतलेला, त्यामुळे आपली शिरोरेषा कधी जाड, कधी धुरकट. ओळ चालू केली की चांगले हिंट असलेल्या फाँटात ती सरळ उभी राहायची. (आडवी खरं तर.) दर अपडेटला पॅकेज माझं काम पुसून टाकायचं आणि रविवार पुन्हा त्यातच.

मे 2010 मध्ये ती पेटंटं संपली आणि जुलैत आलेल्या 2.4 मध्ये इंटरप्रिटर आपोआप चालू झाला. चेंजलॉगमध्ये त्याचं कारणही लिहिलंय. माझ्या वाचनातली ती सगळ्यात आवडती नोंद. नवं काही लिहिलं नव्हतं, फक्त कॅलेंडरचं पान उलटलं होतं. चित्रं बनवणाऱ्या जीडी लायब्ररीचंही तेच: जिफ चित्रं लिहिण्याची सोय युनिसिस कंपनीच्या एलझेडडब्ल्यू (चित्र आकुंचित करायची रीत) पेटंटापायी काढली होती, ती जुलै 2004 मध्ये परत आली.

मिरजेचं म्हणशील तर पेटंट देशापुरतंच असतं. पण वितरण करणारी कंपनी अमेरिकेतली असली की ती तिथल्या वकिलाला विचारून एकच पॅकेज बांधते आणि तेच सगळ्या जगाला देते. तुझ्यासाठी वेगळा घाणा कोण काढणार?

कलम_तीन_के

वर कुणी म्हणायच्या आत सांगतो: 'भारतात सॉफ्टवेअर पेटंट नाहीच' हे अर्धंच खरं. पेटंट कायद्याच्या कलम 3(के) मध्ये 'संगणक प्रोग्रॅम पर से' (म्हणजे निव्वळ प्रोग्रॅम) आणि अल्गोरिदम वगळले आहेत. सगळी भांडणं त्या 'पर से'वर. डिसेंबर 2004 च्या अध्यादेशाने ते कलम सैल केलं होतं; 2005 मध्ये संसदेने ती सुधारणा घेतली नाही. पण 2019 मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने पेटंट कार्यालयाला फेटाळलेला अर्ज पुन्हा तपासायला सांगितला. शोधाचा काही 'तांत्रिक परिणाम' दिसत असेल, तर केवळ प्रोग्रॅम म्हणून दार लावता येत नाही, असा त्याचा रोख. तेव्हा दुकानात निर्धास्त राहा, पण कुणाला छातीठोक सल्ला देऊ नकोस.

फीडवेडी

गंमत म्हणजे फीडही यातून सुटलेलं नाही. ब्राउझरमधून फीड शोधणं, वर्गणी घेणं यांवर मायक्रोसॉफ्टने केलेले पेटंट अर्ज डिसेंबर 2006 मध्ये उघड झाले, तेव्हा आरएसएस 2.0 लिहिणारे डेव्ह वायनर चांगलेच भडकले होते. आपण वर्षानुवर्षं वापरत असलेल्या गोष्टीवर दुसऱ्याचा सातबारा निघावा, तसं.

मिरजेचा_लिनक्सवाला

टारकाका, बोधीचं फीड जोडलं. पहिल्याच दिवशी दोनशेवर नोंदी आल्या, आता त्यातून मेसा, एफएफएमपेग (व्हिडिओची लायब्ररी) आणि फ्रीटाइप एवढंच गाळून घेतोय. मित्राला हा सगळा इतिहास सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण लग्नपत्रिका छापायला एच.264 लागतं का?"

नाही लागत.