उत्तर: फाइल का देत नाहीत, आणि फोनो सॉकेटाबद्दल

गाणी फक्त तबकडीवर (रेकॉर्डवर) काढायची, डिजिटल फाइल विकायची नाही, यावर ‘खरा चाहता असेल तर रेकॉर्ड घेईलच’ हे वरचं म्हणणं पटलं नाही. घेईल हो, पण वाजवेल कशावर? आमच्या खानापुरात रेकॉर्ड प्लेअर असलेलं घर शोधावं लागतं, आणि पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते ती वेगळीच. शिवाय हल्लीच्या बऱ्याच नव्या रेकॉर्डी डिजिटल मास्टरवरूनच, म्हणजे गाण्याच्या मूळ संगणकी प्रतीवरूनच, कापतात. म्हणजे फाइल तयार असते की! ती विकायची नाही हा निव्वळ हट्ट.

रेकॉर्ड लॅपटॉपवर उतरवली तर आवाज पत्र्यासारखा चिरका येतो, असं कुणीतरी लिहिलंय. त्यात बहुतेक वेळा रेकॉर्डचा दोष नसतो. रेकॉर्डवरची खोबणी कापताना वरचे सूर मुद्दाम वाढवतात आणि खर्ज कमी करतात; खर्ज तसाच ठेवला तर एलपीच्या (मोठ्या रेकॉर्डच्या) एका बाजूला वीसेक मिनिटं मावायची नाहीत. वाजवताना फोनो प्रीअँप, म्हणजे प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट, ते पुन्हा सरळ करतो; तो मध्ये नसला की आवाज चिरका येतो. बेळगावात शहापूरच्या मामांच्या जुन्या अँप्लिफायरला मागे ‘फोनो’ लिहिलेली सॉकेटं आहेत, म्हणजे हा प्रीअँप आतच आहे; शेजारी अर्थिंगचा स्क्रू. प्लेअरची वायर तिथे लावली, ‘टेप आउट’मधून (रेकॉर्डिंगसाठी आवाज बाहेर देणाऱ्या सॉकेटातून) दुसरी वायर लॅपटॉपच्या लाइन-इनला, म्हणजे आवाज आत घ्यायच्या सॉकेटाला, घेतली, आणि तबल्याचा डग्गा एकदम भरीव वाजायला लागला. अर्थिंगची तार तेवढी विसरू नका, नाहीतर गाण्याखाली सतत घूं ऐकू येतं.